‘चूकभूल द्यावी घ्यावी’ : संख्याशास्त्राचे उच्चशिक्षण आणि अंदाजाची मराठी

१

एखादे शास्त्र विद्यापीठात केव्हा आले, हे सांगणे फारसे कठीण नसते. विभागाच्या स्थापनेचे वर्ष पाहिले की काम भागते. ते शास्त्र भाषेत केव्हा आले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर कोणत्याही वार्षिक अहवालात सापडत नाही. संख्याशास्त्र आणि त्याच्या जोडीने शिकविले जाणारे ऑपरेशन्स रिसर्च यांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूने विचार करावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. म्हणून गणिताच्या अंगाने जे लिहावयास हवे ते येथे मिळणार नाही. शब्दांच्या अंगाने जे दिसले तेवढेच मांडले आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एका विद्यार्थ्याचे बोलणे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील शेणवा हे त्याचे गाव. शाळा मराठी माध्यमाची, घरी भातशेती. संख्याशास्त्राच्या एम. एस्सी.ला प्रवेश मिळाल्यावर वडिलांनी त्याला विचारले, “म्हणजे शिकणार काय तू?” त्याने थोडा विचार करून सांगितले, “अंदाज कसा करायचा ते.” वडील म्हणाले, “त्यात शिकायचं काय? अंदाज तर तलाठीही करतो.” विद्यार्थी ही हकीकत गंमत म्हणून सांगत होता. मला मात्र वडिलांचे काही चुकले असे वाटले नाही. पिकाचा अंदाज करण्याची, तो कागदावर उतरविण्याची आणि त्यावरून भांडण्याची परंपरा त्यांच्या गावात आपल्या विद्यापीठांहून कितीतरी जुनी आहे. प्रश्न एवढाच उरतो की, तलाठ्याच्या अंदाजात आणि मुलगा शिकणार असलेल्या अंदाजात फरक कोणता? आणि तो फरक सांगणारा शब्द या बापलेकांच्या भाषेत आहे काय?

२

प्रथम जुन्या शब्दांकडे वळू. मोजणी व अंदाज यांसंबंधीचे मराठी शब्द पाहिले तर त्यांतील बरेचसे दप्तरातून आलेले आहेत, आणि दप्तराची भाषा दीर्घ काळ फारसीमिश्रित होती. ‘अंदाज’, ‘नमुना’, ‘सरासरी’ हे तिन्ही शब्द मूळचे फारसी. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावरून सगळे एकत्र धरून, घाऊक मानाने, आणि शेवटी आजचा ‘सरासरी’चा अर्थ. जनगणनेला मराठीत पूर्वी ‘खानेसुमारी’ म्हणत. खाने म्हणजे घरे आणि शुमार म्हणजे गणना. या ‘शुमार’ शब्दाची मराठीत झालेली गत लक्षात घेण्याजोगी आहे. फारसीत ज्याचा अर्थ गणना, त्यापासून मराठीने ‘सुमारे’ हे अव्यय घेतले आणि त्याला अर्थ दिला ‘जवळजवळ, अदमासे’. सरकारी गणना म्हणजे अदमास, हा अनुभव जणू भाषेने आपल्या पदरी नोंदवून ठेवला आहे.

‘पाहणी’ हा शब्द मात्र अस्सल मराठी. पेशवाईत जमिनीची व उभ्या पिकाची पाहणी होत असे आणि तिच्यावर वसूल ठरत असे. हाच शब्द पुढे इंग्रजी अमलात टिकला आणि आज ‘राष्ट्रीय नमुना पाहणी’ या नावात तो ‘नमुना’ या फारसी शब्दाशेजारी येऊन बसला आहे. शेणव्याच्या शेतकऱ्याला हे दोन्ही शब्द पाठ आहेत, पण निराळ्या अर्थाने. त्याच्या लेखी नमुना म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, अर्थात सातबाराचा उतारा. आणि पाहणी म्हणजे त्यातील बाराव्या नमुन्यात होणारी पिकाची नोंद. ‘नमुना’ म्हणजे समग्रातून निवडून घेतलेला अंश, हा अर्थ त्याला अगदीच अपरिचित नाही. बाजारात तांदळाचा नमुना मुठीत घेऊन तो पाहतोच. परंतु सरकारी कागदावर त्याने तो शब्द कोष्टकाच्या अर्थानेच वाचलेला असतो.

तिसरा गट ‘-वारी’ या प्रत्ययाच्या शब्दांचा : प्रतवारी, वर्गवारी, टक्केवारी, आकडेवारी, आणेवारी. यांतील प्रतवारी व आणेवारी या दोघींचा इतिहास एकमेकींत गुंतलेला आहे. पेशवाई गेल्यानंतर पुणे प्रांतात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२४ नंतरच्या वर्षांत जमिनीची मोजणी केली आणि प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न आकड्यांत काढून त्याच्या ५५ टक्के सारा बसविण्याचे योजिले. तत्त्व रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धान्ताचे होते, हिशेब बारकाईचा होता. पण उत्पन्नाचे मूळ आकडे हाताखालच्या लोकांनी जमविलेले होते आणि ते विश्वासार्ह नव्हते. योजना फसली. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम आरंभिले तेव्हा त्यांनी उत्पन्न मोजण्याचा नाद सोडून दिला. जमिनीची खोली, पोत व दोष पाहून तिची प्रत ठरवावयाची, आणि उत्तम प्रतीला सोळा आणे धरून बाकीच्या उतरत्या आण्यांनी दाखवावयाच्या, ही रीत त्यांनी घातली. आणा हे नाणे येथे अपूर्णांकाचे काम करते. ‘सोळा आणे खरे’ असे आपण म्हणतो तेव्हा याच हिशेबाने बोलत असतो.

पिकाच्या बाबतीत हीच भाषा आणेवारीच्या रूपाने आली. एकूण पीक काढण्याचे सरकारी सूत्र असे : पेरणीचे क्षेत्र, गुणिले एकरी सामान्य उत्पन्न, गुणिले त्या वर्षीच्या पिकाची आणेवारी. यांतील पहिला आकडा मोजलेला असे, दुसरा पूर्वीपासून चालत आलेला, आणि तिसरा नजरेने ठरविलेला. सामान्य उत्पन्न म्हणजे किती आणे, हेही प्रांतोप्रांती एक नव्हते. गुणाकार मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत चोख होत असे.

या संदर्भात मराठी व्यवहारातील एका जुन्या रिवाजाची आठवण करून देतो. व्यापाऱ्याच्या हिशेबाखाली, बिलाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे, संक्षेपाने ‘चू. भू. द्या. घ्या.’. हिशेब करणारा माणूस आहे, त्याचे चुकू शकते, आणि चूक निघाल्यास दोन्ही बाजूंनी ती सोसावी, अशी ही कबुली. व्यापारी आपल्या हिशेबाखाली ती लिहीत आला. सरकारी पाहणीच्या पत्रकाखाली ती कधी लिहिली गेली नाही.

३

या न लिहिलेल्या कबुलीवरून मुंबई इलाख्यात दोन मोठे वाद झाले. दोहोंनाही राजकीय इतिहासात स्थान मिळाले. संख्याशास्त्राच्या इतिहासातही ते मिळावयास हवे.

पहिला वाद सरासरीचा. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकविलेले दादाभाई नौरोजी यांनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपल्या निबंधात दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे दाखविले. हा आकडा सर्वांना ठाऊक असतो. तो काढण्यापूर्वी दादाभाईंनी सरकारी अहवालांतील सरासरी काढण्याच्या रीतीवर जी टीका केली ती तितकीशी ठाऊक नसते. निरनिराळ्या जिल्ह्यांचे आकडे एकाखाली एक मांडावयाचे, बेरीज करावयाची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागावयाचे. कोणत्या जिल्ह्यात किती क्षेत्र, किती धान्य, हे पाहावयाचेच नाही, अशी ती रीत होती. तिचा दोष आपल्या परिसरातील उदाहरणाने सांगता येईल. समजा, एका गावी १० एकर भातखाचर असून तेथे एकरी १६ मण पिकते, आणि ९० एकर वरकस जमीन असून तेथे नाचणी-वरईचे एकरी ४ मण येतात. दोन आकड्यांची सरासरी १० मण. पण गावाचे सगळे धान्य ५२० मण आणि जमीन १०० एकर. म्हणजे खरी सरासरी ५.२ मण. कागदावर गाव जवळजवळ दुप्पट श्रीमंत झाले. ‘सरासरी’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत’ असा असताना सरकारी सरासरी दोन टोकांवरच थांबत होती.

दुसरा वाद आणेवारीचा. १९१७ सालच्या अतिवृष्टीने गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीक बुडाले. पीक चार आण्यांच्या आत असल्यास त्या वर्षीची सारावसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. अधिकारी म्हणत, पीक चार आण्यांहून अधिक आहे. शेतकरी म्हणत, कमी आहे. पुण्याच्या भारत सेवक समाजाच्या सदस्यांनी चौकशी केली, गांधीजींनी स्वतः गावोगाव फिरून माहिती जमविली, आणि मार्च १९१८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहाचे नैतिक महत्त्व येथे सांगण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, दोन्ही पक्षांजवळ अंदाजच होता. सरकारचा अंदाज नजरेचा, रयतेचाही नजरेचा. कोणाचा अंदाज किती विश्वासार्ह, हे ठरविण्याचे साधन दोघांजवळही नव्हते. म्हणून निर्णय अधिकाराच्या किंवा निर्धाराच्या बळावरच व्हावयाचा. अंदाजाला जेव्हा आपल्या चुकीचे माप सांगता येत नाही, तेव्हा तो सांगणाऱ्याच्या दर्जावर खरा ठरतो.

४

हे माप सांगण्याचे काम ज्यांनी केले त्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. तत्पूर्वी बिहार-ओरिसात जे. ए. हबक या मुलकी अधिकाऱ्याने भाताच्या पिकाचे नमुने चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडून कापण्याचे प्रयोग केले आणि १९२७ मध्ये त्यांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. १९३१ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेतली.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतले. १९४० पासून शेतकी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धती घडविली. ती थोडक्यात अशी : गावे चिठ्ठीने निवडावयाची, निवडलेल्या गावातील शेते चिठ्ठीने, शेतातील तुकडा कोठे आखावयाचा त्याचा कोपराही चिठ्ठीनेच. मग ठराविक मापाचा आयत, त्या काळी ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, दोरीने आखून त्यातील पीक कापावयाचे, झोडावयाचे आणि वजन करावयाचे.

तुकड्याच्या मापावरून सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यात मतभेद झाला. महालनोबिस यांच्या पद्धतीत लहान वर्तुळाकार तुकडे असत. काम हलके, खर्च कमी. सुखात्मे यांनी १९४६-४७ च्या सुमारास दाखविले की, तुकडा लहान असला म्हणजे उत्पन्नाचा अंदाज सातत्याने जास्त येतो. कारण अगदी शेतावरचे आहे. आखलेल्या रेषेवरचे रोप आत धरावयाचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त. म्हणून ही ओढही जास्त. ही चूक एकाच बाजूला झुकलेली असते आणि कितीही प्रयोग वाढविले तरी ती मिटत नाही. दुसऱ्या प्रकारची चूक दोन्ही बाजूंची : एका शेतात पीक अधिक, दुसऱ्यात उणे, आणि चिठ्ठीत कोणते निघेल ते सांगता येत नाही. प्रयोगांची संख्या वाढली की ही चूक आटते, आणि किती आटते हे गणिताने सांगता येते.

येथे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. तलाठ्याच्या अंदाजात आणि संख्याशास्त्राच्या अंदाजात फरक आहे तो अचूकपणाचा असेलच असे नाही; एखाद्या अनुभवी तलाठ्याची नजर प्रयोगापेक्षाही नेमकी ठरू शकेल. फरक हा की, संख्याशास्त्राचा अंदाज आपल्याबरोबर आपल्या चुकीचे माप घेऊन येतो. व्यापारी नुसते ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहितो. संख्याशास्त्रज्ञाला ‘किती’ तेही लिहावे लागते. पदव्युत्तर अभ्यासक्रमात दोन वर्षे जे शिकविले जाते त्याचा मोठा भाग या एका ‘किती’चा विस्तार आहे.

५

आता विद्यापीठांकडे येऊ. कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग १९४१ मध्ये सुरू झाले. मुंबई विद्यापीठात या विषयाचा विभाग १९४८ मध्ये निघाला. पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये वसंत शंकर हुजुरबाजार यांच्या नेतृत्वाखाली अध्यापन सुरू झाले. हुजुरबाजार मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले, आणि १९६० मध्ये केंब्रिजचे अॅडम्स पारितोषिक त्यांना मिळाले. सुखात्मे शेताच्या बांधावरून संख्याशास्त्राकडे पाहत होते, तर हुजुरबाजार अनुमानाच्या गणिती पायाकडे. महाराष्ट्राला हे दोन्ही वारसे लाभले, ही भाग्याची गोष्ट होय.

याच काळात दुसरा विषय जोडीला आला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रडारची व्यवस्था, जहाजांचे ताफे, विमानांच्या फेऱ्या यांची आखणी करण्यासाठी पॅट्रिक ब्लॅकेट यांच्यासारखे शास्त्रज्ञ सैन्याबरोबर काम करू लागले. त्या कामाला ऑपरेशन्स रिसर्च हे नाव पडले. भारतात हैदराबादच्या प्रादेशिक प्रयोगशाळेत १९४९ मध्ये या विषयाचा गट निघाला, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आखणीत महालनोबिस यांनी या विचाराचा उपयोग केला, आणि १९५७ मध्ये या विषयाची भारतीय संस्था स्थापन झाली. संख्याशास्त्र सांगते की किती आहे आणि त्यात चूक किती. हे दुसरे शास्त्र विचारते की, एवढ्या माहितीवर आता करावयाचे काय. दोन्ही एका पदवीत शिकविले जातात ते योग्यच आहे. मराठीत मात्र या विषयाच्या नावापासूनच अडचण आहे. बोलभाषेत ‘ऑपरेशन’ म्हणजे शस्त्रक्रिया. आणि ‘संक्रियात्मक संशोधन’ हा प्रतिशब्द कानावरून गेला तरी त्याने मनात कोणतेही चित्र उभे राहत नाही.

नावांचा प्रश्न संख्याशास्त्रालाही चुकला नाही. पुणे विद्यापीठाचा विभाग ‘संख्याशास्त्र विभाग’, तर राज्यशासनाचे कार्यालय ‘अर्थ व सांख्यिकी संचालनालय’; एकाच शास्त्राची ही दोन नावे एकाच राज्यात नांदतात. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर परिभाषेचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले, आणि त्याचे फळ शालेय पुस्तकांतून दिसते. दहावीच्या बीजगणितात संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणे असतात. मराठी माध्यमाचा विद्यार्थी मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द सहजपणे वापरतो. पण अकरावीला विज्ञानशाखेत तो इंग्रजीत जातो आणि हे शब्द तेथेच राहतात. संख्याशास्त्राची खरी कल्पना, म्हणजे चुकीचे माप, त्याला भेटते ती त्यानंतर. शाळेने त्याला सरासरी मराठीत दिली. सरासरीवर शंका घेण्याची विद्या मात्र त्याला परभाषेत मिळाली.

परिभाषेतील शब्द कसे आहेत हेही पाहावे. इंग्रजी संख्याशास्त्राने आपले बहुतेक शब्द घरातूनच उचलले. चूक, कल, नमुना, सामर्थ्य अशा रोजच्या अर्थाचे शब्द घेऊन त्यांना व्याख्या चिकटविली. मराठी परिभाषेने बहुधा संस्कृताचा आश्रय केला : यादृच्छिक, अभिनती, प्रमाण विचलन, प्रमाण त्रुटी. यामागे कारण होते, आणि ते कमी लेखू नये. ‘यादृच्छिक’ पासून यादृच्छिकता, यादृच्छिकीकरण असे शब्द बनतात. ‘चिठ्ठी’पासून ते बनत नाहीत. अन्य भारतीय भाषांशीही त्यामुळे मेळ राहतो. तथापि एका शब्दाविषयी मला गंभीर शंका आहे. ‘त्रुटी’ हा शब्द सरकारी मराठीत ‘अर्जातील त्रुटी दूर कराव्यात’ अशा अर्थाने रूढ आहे. त्रुटी म्हणजे कोणाचा तरी दोष, आणि तो दूर केल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. संख्याशास्त्रातील प्रमाण त्रुटी हा कोणाचाच दोष नव्हे. सर्व शेते न कापता काही कापली याचा तो अटळ परिणाम आहे. अधिकाऱ्याला ‘आपल्या आकड्यात त्रुटी किती?’ असे विचारले तर त्याला तो आरोप वाटतो, आणि ‘काहीही नाही’ असे उत्तर येते. शास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अशक्य. भाषेच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक. त्याऐवजी ‘कमीजास्त’ हा बाजारातला शब्द घेतला असता तर? ‘अंदाज वीस, कमीजास्त चार’ असे म्हटल्याने कोणी दुखावत नाही आणि कोणी गोंधळतही नाही.

६

सरासरी आणि तिच्याभोवतीचा पसारा यांवरून स्वातंत्र्योत्तर काळात जो मोठा वाद झाला तोही दोन मराठी विद्वानांतलाच. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर, मूळचे सातारचेच, आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २,२५० उष्मांक ही गरज धरून त्यांनी दाखविले की १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना तेवढे अन्न मिळण्याइतका खर्च करणे शक्य नव्हते. सुखात्मे या सुमारास रोमहून, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेतून, निवृत्त होऊन पुण्यास आले होते. त्यांचे म्हणणे असे की, सरासरी गरजेला सीमारेषा मानणे चुकीचे आहे. एकाच माणसाची गरज दिवसागणिक खालीवर होते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत तिच्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित ठरविता येत नाही. दांडेकरांना हे पटले नाही. सीमारेषा खाली सरकली की उपाशी ठरणाऱ्यांची संख्या घटते, आणि त्याचा धोका टीकाकारांनी दाखवून दिला.

या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. एक गोष्ट मात्र नमूद करावीशी वाटते. भुकेल्या माणसांची संख्या किती मानावयाची, यावरचा हा वाद पुण्यात राहणाऱ्या मराठी भाषिकांमध्ये झाला, आणि तो मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांतून झाला. ज्यांच्या जेवणाविषयी तो होता त्यांच्यापर्यंत त्यातील ‘पसारा’ पोहोचला नाही; पोहोचली ती टक्केवारी.

७

शेवटी शेणव्याकडे परत येऊ. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. आजही गावाची पैसेवारी आधी नजरअंदाज, मग सुधारित, आणि शेवटी अंतिम अशा क्रमाने जाहीर होते, आणि ती ५० पैशांच्या वर की खाली यावर टंचाईच्या सवलती अवलंबून असतात. आता तिच्यासाठीही कापणी प्रयोग होतात. २०१६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत या प्रयोगांना आणखी एक काम मिळाले : महसूल मंडळातील सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले आहे की नाही, हे त्यांवरून ठरू लागले.

यातला पेच एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका मंडळात भाताचे १० प्रयोग झाले. सरासरी हेक्टरी २० क्विंटल आली, आणि प्रयोगाप्रयोगांतील प्रमाण विचलन ६ क्विंटल निघाले. ६ ला १० च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी सुमारे १.९ क्विंटल येते. ढोबळमानाने तिच्या दुप्पट कमीजास्त धरले तर मंडळाचे खरे उत्पन्न १६ पासून २४ क्विंटलपर्यंत कोठेही असू शकेल. आता उंबरठा उत्पन्न १९ क्विंटल असले तर जाहीर होणारा निकाल एकच : २० हे १९ हून अधिक, भरपाई नाही. खरे उत्पन्न १७ असण्याचा संभव त्या प्रयोगांनी नाकारलेला नाही, ही गोष्ट निकालाच्या कागदावर येत नाही. ही चूक निम्मी करावयाची तर १० च्या जागी ४० प्रयोग लागतील; तेवढे मनुष्यबळ आहे काय, हा ऑपरेशन्स रिसर्चचा प्रश्न. खेड्याला १९१८ मध्ये चार आण्यांच्या रेषेवर जे झाले तेच येथे दुसऱ्या रेषेवर घडते. फरक एवढा की, तेव्हा चुकीचे माप काढण्याची विद्या नव्हती. आता ती आहे आणि पदव्युत्तर वर्गात शिकविली जाते.

दुसऱ्या शास्त्राचे काम तर या तालुक्यात उघड्या डोळ्यांना दिसते. १८९२ पासून तानसाचे आणि नंतर भातसाचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. टँकर किती, विहिरी कोणत्या, फेऱ्या कोणत्या क्रमाने, हा पाठ्यपुस्तकातला वाहतुकीचा प्रश्न जसाच्या तसा आहे. पण कोणत्या पाड्याला ‘गरज’ आहे, हे ठरविल्यावाचून तो मांडताच येत नाही, आणि ती गरज सांगणारे लोक मराठीत, ठाकरीत, कातकरीत बोलतात. भाताच्या आवणीचे चार-सहा दिवस साधण्यासाठी घराघरांनी एकमेकांकडे आळीपाळीने राबण्याची जुनी रीत आहे. तिलाही क्रमनियोजनच म्हणावे लागेल. गावाला हे शास्त्र परके नाही. त्याचे नाव परके आहे.

संख्याशास्त्र मराठीत शिकवावे की इंग्रजीत, या नेहमीच्या वादात मला पडावयाचे नाही. संशोधनाची भाषा तूर्त इंग्रजी राहील, हे उघड आहे. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. या विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधाच्या किंवा प्रकल्पाच्या शेवटी दोन पाने मराठीत लिहावीत. ज्या गावाचे, ज्या पिकाचे, ज्या माणसांचे आकडे त्याने वापरले त्यांना समजतील अशी, आणि त्यांत अंदाजाबरोबर त्याचे कमीजास्त सांगणारी. हे लिहिताना शब्द अडेल, आणि अडलेला शब्द शोधण्यासाठी त्याला आमच्या विभागाकडे यावे लागेल. परिभाषा कोशात जन्मते खरी, पण ती चालू लागते ती अशा अडण्यातूनच.

मग तो विद्यार्थी वडिलांना सांगू शकेल की, अंदाज तर तलाठीही करतो हे अगदी खरे. मी शिकतो ते त्या अंदाजाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहावयास, आणि ती किती द्यावी व किती घ्यावी हे मोजावयास. वडिलांना हे समजण्यास अडचण पडेल, असे वाटत नाही. सरकारी कागदावर ती ओळ लिहिण्याची तयारी कोणाची आहे, हा प्रश्न ते कदाचित विचारतील. तो प्रश्न विचारला गेला, म्हणजे शास्त्र भाषेत आले असे म्हणावयास हरकत नाही.